इलेक्ट्रिक सायकलची सर्व्हिसिंग: मोटर राहू द्या, मागच्या चाकाचा वॉशर बघा

नमस्कार मंडळी. "मोटरची सर्व्हिसिंग किती किलोमीटरनंतर करायची?" हा प्रश्न प्रत्येक व्हिडिओखाली येतोच, त्यामुळे आज एकदाचं बोलून टाकू.

हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली मोटर, ठरावीक किलोमीटर झाले म्हणून उघडायची नसते. खरखर सुरू झाली, किंवा मोटर फिरतेय पण चाक ओढत नाही असं झालं, तरच उघडायची. बहुतेक वेळा आतले नायलॉनचे छोटे गिअर झिजलेले असतात. गिअर बदलायचे, नवीन ग्रीस भरायचं, बंद करायची. बास.

मग सर्व्हिसिंग कशाची? मोटरच्या आजूबाजूला जे जे आहे त्याची.

सोप्या गोष्टी भराभर उरकतो, त्या तुम्हाला माहीत आहेतच. हवा आठवड्यातून एकदा तपासा, आकडा टायरच्या बाजूला छापलेला असतो. ही सायकल सहज २०-२५ किलोची असते, त्यामुळे हवा कमी ठेवून चालवली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. चेन आधी पुसा, मग तेल, प्रत्येक रोलरवर एक थेंब, आणि वरचं तेल परत पुसून काढा. स्पोक आणि नट पहिल्या ३०० ते ५०० किलोमीटरनंतर एकदा तपासून घ्याच, कारण नवीन चाक तेवढ्यात बसतं आणि स्पोक सैल पडतात.

मिड-ड्राइव्हवाल्यांनी चेनकडे जरा जास्त लक्ष द्या. तुमची मोटर पेडलजवळ असते, म्हणजे तुमची ताकद अधिक मोटरची ताकद, सगळं त्या एका चेनमधून मागे जातं. झीज मोजायचं गेज मिळतं. मागे ११ किंवा १२ गिअर असतील तर ०.५ टक्क्याला चेन बदला, १० किंवा कमी असतील तर ०.७५ला. गेज नसेल तर स्टीलची पट्टी घ्या. पिनच्या मध्यापासून १२ इंच मोजा, तिथे बरोब्बर दुसऱ्या पिनचा मध्य यायला हवा. तो एक षोडशांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायला झाली. आळस केलात तर मागची गिअरची चक्रंही घालवाल. आणि गिअर बदलताना क्षणभर पेडलवरचा जोर कमी करा हो. तो "कडाक" आवाज ऐकवत नाही.

आता आजचा मुद्दा. मागचं चाक.

हब मोटरचं चाक पंक्चरसाठी निघतं, परत बसतं, आणि पुढच्या महिन्यात कमेंट येते: "मोटर झटके देते", "मोटर बंदच पडली". पंक्चर काढणाऱ्याचा दोष म्हणावा तर त्याने साध्या सायकलसारखं चाक बसवलं, एवढंच. गोची तिथेच आहे. साध्या सायकलीत अ‍ॅक्सलच्या (म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याच्या) नटाचं काम एकच, चाक जागेवर धरणं. इथे मोटर चाकाला पुढे ढकलते, तेव्हा अ‍ॅक्सलला तेवढ्याच जोराने मागे पिळते. अ‍ॅक्सल फिरता कामा नये. म्हणून तो दोन बाजूंनी सपाट घासलेला असतो, आणि त्याच्यासोबत एक खास वॉशर येतो.

(वॉशर कॅमेऱ्याजवळ धरून) हा बघा. मधलं भोक गोल नाही, दोन बाजूंनी सपाट आहे. आणि कडेला हा छोटा वाकवलेला दात. हा दात फ्रेमच्या खाचेत बसतो, म्हणजे चाकाचा दांडा जिथे अडकतो त्याच खाचेत. वॉशर बाहेरून लागतो, दात आतल्या बाजूला, फ्रेमकडे. त्यावर नट. दात बाहेर ठेवून वॉशर उलटा लावला तर तो नुसती चकती आहे, उपयोग शून्य.

कोणीतरी विचारलं होतं, "नट जाम आवळला तर वॉशरची गरज काय?" गरज आहे. वॉशर नसेल तर सगळा पीळ फ्रेमच्या खाचेच्या दोन कडांवर येतो. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम असेल तर त्या कडा हळूहळू पसरतात. मग अ‍ॅक्सल किंचित हलतो, नट सैल होतो, अ‍ॅक्सल आणखी हलतो, आणि एक दिवस गर्रकन फिरतो. मोटरची वायर त्याच पोकळ अ‍ॅक्सलमधून बाहेर येते, त्यामुळे तीही पिळली जाते आणि तुटते. त्या वायरमध्ये तीन जाड तारा मोटरच्या आणि पाच बारीक तारा हॉल सेन्सरच्या (मोटर फिरून कुठे आली ते सांगणारे सेन्सर), बऱ्याचदा एक स्पीडचीही. बारीक तार तुटली तर मोटर झटके देते. जाड तारा एकमेकींना चिकटल्या तर कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा सर्किटचा डबा, जळतो. एका वॉशरपायी! ब्रेक लावताना चार्ज होणारी मोटर असेल तर पीळ दोन्ही दिशांनी बसतो, तिथे वॉशरवर न थांबता फ्रेमला बांधलेला टॉर्क आर्म, म्हणजे दांड्याला फिरू न देणारी पट्टी, लावाच.

बरं, नट किती आवळायचा? बहुतेक हब मोटरना ३५ ते ४५ न्यूटन मीटर, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. वायरच्या बाजूला सॉकेट बसत नाही, मध्ये वायर येते. तिथे साधा पाना, बहुतेक ठिकाणी १८ किंवा १९ नंबरचा. हिशोब सोपा आहे: २० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर दिला की ४० न्यूटन मीटर होतात. शिवाय आवळून झालं की नटावरून फ्रेमवर पेंट मार्करने एक सरळ रेघ मारा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. पाना न लावता कळतं.

आता हेच चाक काढण्याच्या बाजूने. आधी बॅटरी बंद करून काढून ठेवा. मग दोन्ही बाजूंचे फोटो, वॉशरचा क्रम दिसेल असे. काही सायकलींत फ्रेमच्या आतही एक वॉशर असतो, तो पडला की चाक एका बाजूला सरकतं आणि डिस्क घासते. मग मोटरच्या वायरचा कनेक्टर. तो पिळायचा नाही, सरळ ओढायचा. जोडताना बाणासमोर बाण ठेवा आणि सरळ दाबा, कनेक्टरवरच्या रेषेपर्यंत. जबरदस्ती केली तर आतली पिन वाकते, आणि पुन्हा तेच झटके. चाक बाहेर असताना ब्रेकचं लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतील. परत बसवताना वायर अ‍ॅक्सलमधून खाली येऊन मग वर जाईल अशी बांधा, म्हणजे पावसाचं पाणी त्या वळणावरून खाली टपकतं, मोटरमध्ये शिरत नाही.

आणि मुळात साध्या पंक्चरला चाक काढायचंच कशाला? काटा कुठे घुसलाय ते शोधा, टायरची एकच बाजू रिमबाहेर काढा, तेवढीच ट्यूब ओढून पॅच लावा. ट्यूब बदलायची असेल तरच चाक खोला. दुकानात काम देताना "वॉशरचा दात खाचेत बसवा" हे एक वाक्य सांगा, आणि सायकल ताब्यात घेताना वाकून बघा. लाज वाटून घेऊ नका.

"सायकल उलटी करून काम केलं तर चालतं का?" डिस्प्ले आणि लिव्हर जमिनीवर घासतात. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर लिव्हरजवळच्या टाकीतली हवा नळीत शिरू शकते आणि ब्रेक मऊ लागतो. रस्त्यात इलाज नसेल तर खाली कापड घाला, सरळ केल्यावर लिव्हर काही वेळा दाबा, कडक लागलं तरच निघा.

ब्रेकवरूनच आठवलं. मोटर अजिबात सुरू होत नाही, डिस्प्ले मात्र व्यवस्थित, अशा वेळी कंट्रोलर मागवण्याआधी ब्रेकचं लिव्हर पूर्ण सुटतंय का बघा. अनेक सायकलींत लिव्हरमध्ये कट-ऑफ स्विच असतो. लिव्हर जरा अडकलं तरी मोटरला वाटतं ब्रेक लागलाय. उभ्या सायकलवर, मोटरचं चाक जमिनीपासून उचलून, एकेका लिव्हरची वायर सोडून तपासा. जिची वायर सोडल्यावर मोटर चालली, तो स्विच खराब. तपासून झालं की वायर परत जोडायची, नाहीतर ब्रेक लावताना मोटर ओढतच राहील.

पॅडचं घर्षणाचं थर १ मिलिमीटरच्या खाली गेलं की बदला. चेनवर स्प्रे मारू नका, तो डिस्कवर उडतो आणि पॅड कायमचे किंचाळायला लागतात. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, तेल प्यायलेले पॅड मात्र बदलावेच लागतात. धुताना प्रेशर जेट अजिबात नको. बादली, स्पंज, मऊ ब्रश.

शेवटचं, चार्जर. ३६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ४२ व्होल्टला पूर्ण भरते, ४८ व्होल्टची ५४.६ला. दोन्हींचे प्लग सारखे असू शकतात, म्हणून दुसऱ्याचा चार्जर लावण्याआधी त्याच्या लेबलवरचा आउटपुट वाचा. महिनाभर सायकल वापरणार नसाल तर बॅटरी निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवा, आणि मधूनमधून बघत राहा. शून्य अंशाच्या खाली चार्जिंग नाही. बॅटरी आपटली असेल, फुगली असेल किंवा आत पाणी गेल्याची शंका असेल तर चार्जरला लावूच नका, घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला फोन करा. "एकदा लावून तर बघू" हा प्रयोग लिथियमवर नको.