पर्वती उतरताना

पहाटेचे साडेपाच. पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावायला जागा नाही आणि पायऱ्यांवर आत्ताच वर्दळ. दगडी, रुंद अशा 103 पायऱ्या. वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी 1749 साली बांधलं, पण या वेळेला आलेल्या निम्म्या लोकांसाठी ही फुकटातली जिम आहे.

आता जरा पायांकडे बघा. चढणाऱ्यांच्या नाही, उतरणाऱ्यांच्या. चढताना धाप लागते म्हणून सगळे आपोआप हळू जातात, उतरताना कसलं काय, दम लागत नाही आणि ऑफिस गाठायचं असतं, मग धपाधप उड्या. गुडघ्याला खरा मार तिथेच बसतो, कारण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात जात अख्ख्या अंगाला ब्रेक लावत असतो, आणि तो थकला की ब्रेक सैल, धक्का सरळ सांध्यात.

"गुडघ्यातलं वंगणच संपलंय" हे इथल्या कट्ट्यावरचं ठरलेलं वाक्य. अहो पण ते काय स्कूटरचं ऑइल आहे का? सांध्याचं अस्तर ते सारखं नवीन बनवत असतं. आणि हाडांच्या टोकावरची जी गुळगुळीत गादी, कूर्चा, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नाहीत. दाब पडला की स्पंजसारखं पाणी बाहेर, दाब सुटला की पोषण घेऊन परत आत, असं तिचं जेवण चालतं. त्यामुळे दुखतंय म्हणून वर्षभर सोफ्यावर बसलात तर गुडघा वाचत नाही, मांडी तेवढी बारीक होते आणि वजन वाढतं. तेच वजन 1 किलो उतरवलं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने हलका होतो.

भानगड आहे ती घाईची. जानेवारीत नवी मंडळी येतात, दोन-तीन आठवड्यांत दम वाढतो, लगेच दोन फेऱ्यांच्या सहा. दम पटकन तयार होतो हो, पण कूर्चा आणि कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, महिनोन्महिने मागे असतात, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं! दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला किंवा नेहमीपेक्षा जास्त ठणकला की समजायचं, काल जास्त झालं.

हे कानटोपीवाले आजोबा बघा. मोजून दोन फेऱ्या, आणि घरी एक दिवसाआड खुर्चीतून हात न टेकता उठ-बस. उतरताना सरळ नाही, या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरके, नागमोडी. शेजारून दोन पोरं उड्या मारत पुढे गेली. आजोबा अजून साठाव्या पायरीवर आहेत.