चेंगडू: भर दुपारी उघडी बाग

[मूळ आवाज: चिमट्याचा टणत्कार, माणसांचा गलका]

चीनच्या सिचुआन प्रांताची राजधानी चेंगडू. आसपासचे तालुके धरून वस्ती दोन कोटींवर. रविवारचे दोन वाजलेत आणि पीपल्स पार्कमध्ये बांबूची एक खुर्ची रिकामी मिळेल तर शपथ. आत यायला तिकीट नाही.

निळ्या शर्टातले गृहस्थ मूळचे पुण्याचे, इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. तळ्याकाठचं हे हेमिंग चहाघर, 1920 च्या दशकातलं. समोर आलाय झाकणाचा पेला. खाली बशी म्हणजे धरती, मध्ये वाटी म्हणजे माणूस, वर झाकण म्हणजे आकाश. वाटीत हिरवी पत्ती आणि मोगऱ्याच्या जातीची सुकी फुलं. झाकण काढायचं नाही, तिरकं करायचं. त्याच्या कडेने पत्ती मागे सारायची आणि फटीतून घोट घ्यायचा. बोट भाजतंय, बघा! म्हणून पेला बशीसकट उचलतात. झाकण काढून बशीला टेकवून ठेवलं की पाणी हवंय, हे वाढणाऱ्याला न बोलता कळतं. पैसे पत्तीचे, एकदाच. त्यावर पाणी कितीही, बसा कितीही. पुण्यात याच वेळी कितीतरी बागांच्या फाटकांना कुलूप असतं.

टणत्कार करत फिरणारा हा कान कोरणारा. कपाळाला दिवा. आधी बारीक चमचा, मग पिसांची काडी. शेवटी काडी कानात ठेवून तिला लोखंडी चिमट्याची थरथर द्यायची. गृहस्थांचा चेहरा बघा.

[निवेदन थांबतं]

पलीकडे माजाँगचा, म्हणजे चौघांनी खेळायच्या चिनी सोंगट्यांचा डाव. सिचुआनी पद्धतीत सोंगट्या 108. एक जण जिंकला तरी डाव मोडत नाही, उरलेले तिघे खेळत राहतात. झाडांमागे टांगलेले कागद म्हणजे उघड्यावरचा वधू-वर मेळावा: जन्मसाल, उंची, शिक्षण, नोकरी. लावलेत आई-वडिलांनी. त्यांनी जवळून चित्रीकरण नको म्हटलं, तेव्हा हे लांबूनच.

बाग 1911 ची. त्याआधी हा भाग तटाआडच्या मांचू, म्हणजे तेव्हाच्या राज्यकर्त्यांच्या पलटणीच्या वस्तीचा. आता मान वर करा: 31 मीटरहून उंच हा स्तंभ 1913 मध्ये उभा राहिला. सिचुआनच्या लोकांनी, अगदी शेतकऱ्यांच्या खंडातूनही, पैसा उभा करून हानकौ शहरापर्यंत रेल्वे बांधायला घेतली होती. मे 1911 मध्ये चिंग दरबाराने, म्हणजे याच मांचू बादशाहीने, ती सरकारजमा केली. वर परदेशी बँकांचं कर्ज. बाजार बंद झाले, शाळा ओस पडल्या. 7 सप्टेंबरला गव्हर्नरच्या कचेरीपुढच्या जमावावर गोळीबार झाला. हुतात्म्यांच्या या स्मारकाच्या पायथ्याशी तलवार नाही, घोडा नाही. आहेत ते रूळ, इंजिन, सिग्नलचा दिवा, सांधे बदलायचा खटका. कोरीवकाम जवळ जाऊन पाहण्यासारखं आहे. सिचुआन दडपायला शेजारच्या हुपे प्रांतातून फौज निघाली, तिथली शिबंदी कमी पडली, ऑक्टोबरात तिथल्याच वूचांगला बंड झालं आणि पुढच्या फेब्रुवारीत बादशाही संपली.

पाच वाजले. पुणेकरांनी पुन्हा पाणी मागितलंय.

यायचं असेल तर मेट्रोची दोन नंबर लाईन, स्टेशन पीपल्स पार्क. आणि कान कोरून घ्यायचे असतील तर भाव आधी ठरवा. हत्यारागणिक पैसे वाढतात.