मागावर उतरलेलं चित्र

(दृश्य: बाजारातलं दुकान. टांगलेल्या पिशव्या, उशीचे अभ्रे, सगळ्यांवर लाल-पांढरी चौकडी.)

कुणबी साडीची ही चौकडी आता गोव्यात पिशव्यांवर आणि अभ्र्यांवर छापलेली मिळते. लांबून पाहिलं तर अस्सल वाटते. कापड उलटं करून बघा. मागची बाजू फिकी पडलेली असते.

(दृश्य: हातमाग, जवळून. आडवा धागा वाहून नेणारा धोटा इकडून तिकडे जातो.)

मागावर विणलेल्या चौकडीला अशी फिकी बाजू नसते, कारण रंग आधीच सुतात मुरलेला असतो. ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. लाल ताण्यावरून लाल बाणा गेला की गडद लाल उठतो. लाल आणि पांढरा एकमेकांना छेदतात तिथे मात्र तिसराच, मधला रंग दिसतो. रंगाऱ्याने दोन रंग दिले, तिसरा विणीने दिला. छापील चौकडीत हा तिसरा रंग बहुतेक वेळा हरवतो, आणि त्याच्याबरोबर चौकडीचा जीवही जातो.

म्हणून कापडाचं डिझाइन करणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न येतो. फॅशनमधून, चित्रांमधून काही घ्यायचं, तर नेमकं काय घ्यायचं? दिसतं ते रूप, की ते रूप ज्या रीतीने घडलं ती रीत?

(दृश्य: कोलवाळ गाव, जुनं घर.)

बार्देशातल्या कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी याचं उत्तर कामातून दिलं. गावडा-कुणबी बायका शेतात राबताना नेसायच्या ती साडी आखूड, जाड सुती, खांद्यावर गाठ मारून घट्ट बसवलेली. चिखलात लावणी करणाऱ्या बाईला पायात घोळणारा काठ परवडत नाही आणि निसटणारा पदरही नाही. हातमागावरची ही साडी जवळजवळ संपली होती. रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणून घेतली. चौकडी ठेवली, रंग नवे आणले, लांबी वाढवली आणि त्याच कापडाचे आजचे पोशाखही केले. ती फॅशन वीकच्या मंचावर गेली, पण मागावरून उतरून गेली. मला हे फार मोलाचं वाटतं. 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2020 मध्ये ते गेले. कोलवाळच्या त्यांच्या जुन्या घरात आज मोडा गोवा हे वस्त्रसंग्रहालय आहे.

(दृश्य: रेखाटन. काळ्या रेषा, लाल-निळे-पिवळे चौकोन.)

पॅरिसमध्ये 1965 साली फॅशन डिझायनर इव्ह सां लोराँ यांनी चित्रकार मोंद्रियान यांच्या चित्रांवरून पोशाख केले. त्यांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात, शिवण फार थोड्यांनी पाहिलेली असते. ते चौकोन छापलेले नव्हते. लोकरी जर्सीचे रंगीत तुकडे कापून एकमेकांना जोडले होते. अंगाला आकार देणाऱ्या शिवणी त्या सरळ रेषांमध्येच लपवल्या होत्या. चित्रातली रेषा इथे शिंप्याच्या कामाला आली.

प्रवास उलटाही होतो. सोनिया डेलोने या चित्रकर्तीने 1911 मध्ये आपल्या तान्ह्या मुलासाठी तुकडे जोडून एक दुलई शिवली. तिच्या अमूर्त रंगचित्रांची वाट त्या दुलईतून निघाली. आपल्या घराघरांत गोधड्या शिवणाऱ्या आज्यांनी रंगांची हीच जुळवाजुळव केली आहे, आणि त्यांच्या गोधड्यांकडे डिझाइन म्हणून पाहायला आपण अजून पुरेसे शिकलेलो नाही.

आपल्याकडे चित्रकार आणि विणकर एका छताखाली बसले ते सरकारी विणकर सेवा केंद्रांत. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी आधी वाराणसीच्या आणि मग मुंबईच्या केंद्रात अनेक वर्षं नोकरी केली. बरवे यांच्या चित्रांत वस्तू थोड्या असतात, त्यांच्यामधली मोकळी जागा बोलते. दोन बुट्ट्यांमध्ये किती अंतर सोडायचं, हे ज्याला ठरवायचं आहे त्याने ही चित्रं सावकाश पाहावीत.

(दृश्य: पणजी, मांडवीच्या काठची कला अकादमी.)

ही इमारत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची. मोनिका कोरिया त्यांच्या पत्नी, आणि स्वतः मोठ्या विणकर-कलावंत. मागावरची फणी उभे धागे सारख्या अंतरावर राखते. मोनिकाबाईंनी मागात असा बदल केला, की विणता विणता फणी मोकळी करता येते. मग उभे धागे सरळ वाट सोडून वळतात, जवळ येतात, पांगतात. ही रेषा कागदावर आधी काढून मिळालीच नसती.

(दृश्य: कावीकाम असलेली भिंत.)

आता आपल्या भिंतींकडे वळू. गोव्यातल्या काही जुन्या देवळांवर कावीकाम आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर, आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. इथे चित्र रंग लावून होत नाही, काढून होतं. कावीची वेलबुट्टी ट्रेस करून कुर्त्यावर छापणं सोपं आहे. पण आधी कापड तांबडं रंगवून, मग हवा तिथलाच रंग उडवणारी छपाई केली, तर कावीची रीत कापडात येते. कडा किंचित विरघळलेल्या येतात, आणि त्या सुंदर दिसतात.

जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपले बसवलेले असतात. त्यातून उजेड गाळून येतो. तो कापडात हवा असेल, तर शिंपल्याचं चित्र कशाला? काही पट्ट्यांत बारीक सूत विरळ भरा, काही पट्ट्यांत जाड सूत दाट भरा. चौकोनाचौकोनातून उजेड आपोआप झिरपेल.

(दृश्य: डिसेंबरमधली पणजी. सेरेंडिपिटी कला महोत्सव.)

2016 पासून डिसेंबरमध्ये पणजीत हा महोत्सव भरतो. पिळर्ण्याला म्युझियम ऑफ गोवा आहे. पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात गोव्याचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका यांची चित्रं आहेत. त्यांनी मेरीमातेला साडी नेसवली. त्या साडीची चूण कुठे पडते, काठ कुठे वळतो, हे बघा.

अशा ठिकाणी जाताना पुठ्ठ्याच्या काही पट्ट्या आणि रंगीत सुताची रिळं बरोबर ठेवा. समोरच्या कलाकृतीत जो रंग जितका, तितकंच त्या रंगाचं सूत पट्टीवर गुंडाळा. फोटोत वस्तू येते, या पट्टीवर रंगांचं प्रमाण येतं. घरी आल्यावर ती विणकराला दाखवता येते, कारण ताणा कसा लावायचा हे तिच्यावरून त्याला लगेच कळतं. आधी वीतभर नमुना विणून मागा. त्याने सुचवलेला बदल ऐका. कापड विकायला ठेवाल तेव्हा लेबलवर त्याचं नाव घाला, आणि चौकडी कुणब्यांची असेल तर तेही लिहा.