कैफियत

नमस्कार श्रोतेहो.

कोर्टात रोज कानावर पडणारा एक शब्द आहे, कैफियत. आपल्या बोलण्यात कैफियत म्हणजे गाऱ्हाणं. कोर्टात मात्र ती प्रतिवादीची असते. एकाने दावा लावला की दुसऱ्याने त्यावर आपलं लेखी म्हणणं द्यायचं, ती कैफियत. समोरच्याला ती मांडायची संधी दिल्याशिवाय निकाल देता येत नाही. वकिलीत इतकी वर्षं काढल्यावर मला यात काही विशेष वाटेनासं झालं होतं. एका सतरा वर्षांच्या मुलीला हे सांगत होते, तेव्हा ती मध्येच म्हणाली, "म्हणजे आधी विचारतात?"

तिच्या परवानगीनेच सांगते आहे, आणि ती ओळखू येईल असं काही सांगणार नाही. तिच्या घरी निकाल आधी लागायचा, शिक्षा लगेच व्हायची आणि गुन्हा काय होता ते कधीकधी दुसऱ्या दिवशी कळायचं. वडिलांच्या चपला दाराशी कशा वाजल्या यावरून आजची रात्र कशी जाणार ते तिला समजायचं. माझ्यासमोर बसून तिने एवढंच विचारलं, "मला घर सोडायचंय आणि वकील व्हायचंय. आधी काय करू?"

नातेवाइकांनी तिला सांगून ठेवलं होतं, थोडी कळ काढ, अठरा पूर्ण होऊ देत, मग कोण अडवतंय. हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण मला तो पटत नाही. कायद्याच्या लेखी अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक असते, आणि बालकासाठी असलेलं एक दार अठराव्या वाढदिवशी बंद होतं. ते दार म्हणजे बाल कल्याण समिती. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य. ज्याच्यासोबत मूल राहतं त्यानेच त्याला इजा केली, छळलं किंवा वाऱ्यावर सोडलं, तर ते मूल या कायद्याने 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं. तो माणूस जन्मदाता असला तरीही. अशा मुलाला समितीपुढे कोणी न्यावं याची यादी कायद्यात आहे. पोलीस आहेत, सामाजिक कार्यकर्ते आहेत, आणि त्याच यादीत खुद्द ते बालकही आहे. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी आपल्या पायांनी तिथे जाऊन सांगू शकते, मला घरी राहणं धोक्याचं आहे. कायदा शिकताना हे कलम मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचं मोल त्या दिवशी कळलं.

एकटीने जायचा धीर होत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि बालकांना तिथे मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. वडिलांचा पगार कितीही असो. त्यांचा क्रमांक १५१००.

आता थोडं कडू. समितीपुढे गेलं की सुटका झाली, असं नसतं. मुलाला शक्यतो कुटुंबातच परत पाठवावं, हे याच कायद्याचं एक तत्त्व आहे. त्यामुळे 'घरी परत जाशील का?' हा प्रश्न येणारच. त्या वेळी 'ते खूप वाईट वागतात' या उत्तराचा फारसा उपयोग होत नाही. कधी, काय झालं, कोणी पाहिलं, हे सांगावं लागतं. तिने वहीच्या मागच्या पानांवर तारखा लिहून ठेवल्या होत्या. का लिहिल्या, विचारलं तर म्हणाली, "नंतर सगळे म्हणतात असं काही झालंच नाही. मलाही तसंच वाटायला लागतं." पुरावा कशासाठी असतो याची याहून सरळ व्याख्या मी कॉलेजात ऐकली नव्हती.

आणखी एक. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला पुढे एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे आधाराची, तरतूद आहे. कळ काढत घरीच थांबलेल्याला ती मिळत नाही. ही तरतूद सगळीकडे नीट राबवली जाते असं मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

वकिलीचा रस्ता त्या मानाने सोपा सांगता येतो. बारावीनंतर पाच वर्षं, किंवा आधी पदवी आणि मग तीन. प्रवेश परीक्षा, नंतर बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मग अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेसाठी राज्याराज्यांत भरमसाट पैसे घेतले जात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्याला चाप लावला, आता सर्वसाधारण गटाकडून ७५० रुपयांच्या वर नोंदणी शुल्क घेता येत नाही. खरी ओढाताण सनदेनंतर असते. ज्युनिअरची पहिली वर्षं तारखा घेण्यात आणि सीनिअरच्या फायली वाहण्यात जातात, आणि हातात पडतं ते थोडंच. ज्याला परतायला घर नाही त्याने हे आधी मोजून ठेवावं.

पण माझी काळजी पैशांची नव्हती. अशा घरातून आलेली मुलं वकिलीकडे येतात ती बहुतेक वेळा घरातला खटला जिंकायला. मी तिला तेव्हाच विचारलं होतं, उद्या तुझ्या वडिलांसारखा माणूस अशील म्हणून आला तर? ती गप्प बसली. मीही उत्तराचा आग्रह धरला नाही.

ती समितीपुढे गेली, घराबाहेर राहून शिकली. मधली वर्षं सोपी नव्हती, ती तिची तिने सांगावीत. आज ती एका सीनिअरकडे काम करते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. मुलाच्या ताब्याचा अर्ज होता, बायकोने केलेला. नवरा संतापी, अंगावर धावून जाणारा, असं त्यात लिहिलेलं. सीनिअर नवऱ्याच्या बाजूने होते आणि त्यांनी त्याची कैफियत लिहायला हिला बसवलं.

"नाही म्हणता आलं असतं," ती म्हणाली. "सर काही बोलले नसते."

"मग?"

"मॅडम, त्यांनी दाराशी चपला काढल्या ना, तेव्हा माझे हात गार पडले. मग त्यांना बसायला सांगितलं. पाणी दिलं. अर्ज पुढे ठेवला आणि म्हटलं, पहिल्या परिच्छेदापासून सांगा, यातलं काय खरं आहे."

"आणि त्यांनी सांगितलं?"

"पाच पानं झाली. दोन ठिकाणी स्वतःच म्हणाले, हे खरं आहे, लिहा."

नमस्कार.