फाल्कों पाहिजे!

मंडळी, एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधली गावोगावची ऑपेरा थिएटरं मोसमासाठी गायक नेमायची, तेव्हा कोण कुठल्या जातीच्या भूमिका करणार हे आधी ठरलेलं असे. आपल्याकडे नाटकमंडळीत राजापार्ट, खलपार्ट म्हणत ना, तसंच. गंमत अशी, की तिथल्या काही पार्टांची नावं म्हणजे चक्क माणसांची आडनावं होती. खेळकर, नाजूक नायिकेला ‘द्युगाझों’ म्हणायचं, विनोदी तेनोरला, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुषी आवाजाला, ‘त्रिआल’. वर सहज जाणाऱ्या हलक्या पुरुषी आवाजाला ‘मार्तें’. आणि गडद आवाजाची, शोकनाट्य पेलणारी नायिका हवी असेल, तर ‘फाल्कों’ पाहिजे.

द्युगाझों, त्रिआल, मार्तें ही मंडळी वर्षानुवर्षं रंगभूमीवर वावरली. त्यांची नावं पार्टाला चिकटली यात नवल नाही. गायिका कॉर्नेली फाल्कोंच्या वाट्याला मात्र जेमतेम पाच वर्षं आली, आणि विसाव्या शतकाच्या आधीच ती गेली. तरी आजही फ्रेंच गायनाची चर्चा निघाली, की ‘हा आवाज फाल्कों आहे’ असं लोक म्हणतात. आवाज कोणी ऐकलेला नाही, माप मात्र सगळ्यांना ठाऊक! तिचे वडील शिंपी होते, म्हणून माप हा शब्द मला विशेष आवडतो.

जन्म १८१४ चा. पॅरिसच्या कॉन्झर्वेत्वार या संगीतशाळेत शिकली, बक्षिसं मिळवली. तिथला तिचा एक गुरू म्हणजे आदोल्फ नुरी, पॅरिस ऑपेराचा तेव्हाचा पहिल्या मानाचा तेनोर. नुरी नुसता गळ्याचा माणूस नव्हता, शब्द कसा टाकायचा, उभं कसं राहायचं, हे त्याला कळत होतं. २० जुलै १८३२ ला, अठराव्या वर्षी, संगीतकार मेयरबेअरच्या ‘रोबेर ल दियाब्ल’ या ऑपेरामध्ये आलिसच्या भूमिकेत ती उभी राहिली. त्याच वसंतात कॉलऱ्यानं पॅरिसमध्ये हजारो माणसं नेली होती. त्यातून सावरणारं शहर थिएटरात परत येत होतं. ऑपेराचे संचालक वेरों हे मूळचे डॉक्टर आणि जाहिरातबाजीत पक्के, त्यामुळे नव्या मुलीची हवा आधीच तयार केलेली. मुलगी घाबरली होती, पण गाऊन गेली.

आता आवाजाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. सोप्रानो, म्हणजे बायकांचा सगळ्यात उंच आवाज, म्हटलं की आपल्याला तार सप्तकात पाखरासारखं भिरभिरणारं काहीतरी आठवतं. त्या काळी पॅरिसमध्ये ते काम झ्युली दोर्यु उत्तम करायची. फाल्कोंचं बळ खाली आणि मध्ये होतं. मधल्या सप्तकात मेझोसारखा, म्हणजे सोप्रानोच्या खालच्या बायकी आवाजासारखा, भरीव, जरा सावळा आवाज, आणि वर गेल्यावरही तो पातळ न होता तसाच जाड राहायचा. ताना-मुरक्यांची हौस कमी, शब्दाला जोर जास्त. दोन संगीतकारांनी हे नेमकं हेरलं. आलेव्हीनं १८३५ मध्ये ‘ला ज्वीव’मधली राशेल आणि मेयरबेअरनं १८३६ मध्ये ‘ले युगनो’मधली व्हॅलेंतीन तिच्या अंगावर बेतून शिवली. दोन्ही ऑपेरांत हलक्याफुलक्या, नक्षीदार गाण्यासाठी दुसरी गायिका आहे, राजघराण्यातली. जीव जातो तो मात्र फाल्कोंच्या पात्राचा.

‘युगनो’चा चौथा अंक बघा. १५७२ सालचं पॅरिस. प्रोटेस्टंटांची कत्तल करायची म्हणून तलवारींना आशीर्वाद दिले जातात, सगळा कोरस गर्जतो आणि निघून जातो. रिकाम्या रंगमंचावर दोघंच उरतात, कॅथलिक व्हॅलेंतीन आणि प्रोटेस्टंट राऊल. त्याला आपल्या माणसांना सावध करायला जायचंय, तिला त्याला थांबवायचंय. थांबवता थांबवता ती बोलून जाते, की माझं तुझ्यावर प्रेम आहे. एवढ्या गदारोळानंतर अंक या द्वंद्वगीतावर संपवण्याचा आग्रह नुरीचा होता. राऊल तोच होता म्हणा! पण सूचना अस्सल होती. त्या रात्री गुरू-शिष्येनं जे केलं, त्यावर पुढची पन्नास-साठ वर्षं ही ऑपेरा जगभर चालली.

आणि एका वर्षात सगळं संपलं.

मार्च १८३७. निडरमेयरची ‘स्त्राडेला’ नावाची नवी ऑपेरा. समोर पुन्हा नुरीच. तो गातो, उद्या आपण निघू, येशील ना? तिनं उत्तर द्यायचं, ‘मी तयार आहे.’ तीनच शब्द फ्रेंचमध्ये. तिनं तोंड उघडलं, आवाज आला नाही. ती कोसळली, तिला उचलून आत नेलं. संगीतकार बेर्लिओझ त्या वेळी हजर होता. त्यानं लिहिलंय, की घशातून घरघर, शीळ घातल्यासारखे सूर निघत होते, पाणी भरलेल्या बासरीसारखे विझणारे. मी बासरीवाल्यांच्या घरात वाढलो, त्यामुळे ही उपमा वाचून अंगावर काटा येतो. पाणी भरलेली बासरी वाजत नाही असं नाही. वाजते, आणि तेच वाईट.

कारण काय? लोक तेव्हापासून भांडताहेत. थिएटर फार मोठं होतं, मुलगी फार लहान होती, मूळचा मेझोचा गळा ओढून सोप्रानो केला, मनावर ताण होता. माझा कौल तिसऱ्या कारणाला, पण पहिली दोन सोडून नाही. ल पेलेतिए रस्त्यावरचं ते थिएटर प्रचंड, समोर भरगच्च ऑर्केस्ट्रा, माइक नावाची चीज जन्मायची होती, पाच-पाच अंक, आणि हे अठराव्या वर्षापासून. वरच्या सुरांत जाड आवाज नेण्याचं जे कौतुक झालं, तेच गळ्याला महागात पडलं असावं. आपल्याकडे पट्टी गवयाच्या गळ्याप्रमाणे ठरते. काळी एक नको तर पांढरी पाच घ्या, कोणी काही म्हणत नाही. तिथे सूर कागदावर छापलेला आणि सगळे वादक त्याला बांधलेले.

नुरीचंही धड झालं नाही. त्याच वसंतात डुप्रे नावाचा तेनोर आला, छातीच्या आवाजात वरचा ‘सी’ हा सूर फेकणारा. नुरी पॅरिस सोडून गेला आणि मार्च १८३९ मध्ये नेपल्सला त्यानं वरून उडी घेऊन जीव दिला. फाल्कों उपचारांसाठी इटलीला जाऊन आली. १४ मार्च १८४० ला तिच्यासाठी खास खेळ ठेवला गेला. ‘ला ज्वीव’चा दुसरा अंक, ‘युगनो’चा चौथा, आणि नुरीच्या जागी डुप्रे. लोकांनी ती येताच डोक्यावर घेतली आणि तिला रडू आलं. मग गाणं सुरू झालं. आवाज नव्हता. प्रेक्षागृहातही लोक रडत होते म्हणतात. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

पुढे लग्न, पॅरिसमध्येच संसार. १८७३ मध्ये ल पेलेतिएचं थिएटर जळून खाक झालं, १८७७ मध्ये एडिसननं आवाज साठवून दाखवला, आणि ती होतीच. २५ फेब्रुवारी १८९७ ला गेली, त्र्याऐंशी वर्षांची होऊन. या सगळ्या काळात गावोगावची थिएटरं फाल्कों शोधत होती, आणि खरी फाल्कों पॅरिसमध्ये गप्प बसली होती.

म्हणून मी आता जे ऐकवणार आहे तो तिचा आवाज नाही, तो कोणालाच ऐकवता येणार नाही. तिच्या मापाचं गाणं मात्र आहे. ‘ला ज्वीव’, दुसरा अंक. राशेल एकटी आहे, प्रियकर यायचाय, आणि तो कोण आहे याची तिला शंका आलीये. ‘तो येणार आहे,’ ती म्हणते, आणि भीतीनं थरथरते. आधी हॉर्न वाजतील. मग ती येईल तेव्हा वरच्या सुरांची वाट पाहू नका, मधल्या सप्तकाकडे कान ठेवा. हं, लावा.