मानसिक आजार आणि आरोग्य विमा: कायदा काय देतो, पॉलिसी काय देते

नमस्कार.

माझ्यासमोर टेबलावर जी निळी फाइल आहे, ती माझ्या मावशीची आहे. तिच्या परवानगीने मी ती आज उघडत आहे. नाव आणि पॉलिसी क्रमांक मात्र झाकून ठेवले आहेत. मावशीला अनेक वर्षांपासून बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे मन कधी अतिउत्साहाच्या तर कधी खोल नैराश्याच्या टोकाला जाण्याचा आजार, आहे. दोन वर्षांपूर्वी तिची झोप पूर्ण उडाली, जेवण सुटले, एके रात्री ती कोणाला न सांगता घराबाहेर पडली, आणि अखेर तिला एका मानसोपचार नर्सिंग होममध्ये अकरा दिवस दाखल करावे लागले. पाच लाखांची आरोग्य विमा पॉलिसी होती, हप्ते वेळेवर भरलेले होते. कागदपत्रे पाठवल्यावर तीन आठवड्यांनी कंपनीचे पत्र आले: रुग्णाला दाखल करण्याची वैद्यकीय गरज नव्हती, हे उपचार बाह्यरुग्ण विभागात होऊ शकले असते, सबब दावा नामंजूर. काकांनी पत्र वाचले, घडी घालून फाइलमध्ये ठेवले आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं. डोक्याच्या आजाराला विमा कुठून मिळणार?"

हा समज घराघरांत इतका पक्का बसला आहे की पुष्कळ लोक दावा करतच नाहीत. म्हणून आधी कायदा काय म्हणतो ते पाहू.

(पडद्यावर: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २१, उपकलम ४)

हा कायदा २९ मे २०१८ रोजी अमलात आला. त्याच्या कलम २१ मध्ये विमा कंपन्यांसाठी एकच वाक्य आहे आणि ते निःसंदिग्ध आहे: शारीरिक आजारावरील उपचारांसाठी ज्या पायावर वैद्यकीय विमा उपलब्ध असतो, त्याच पायावर प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजारावरील उपचारांसाठी तरतूद केली पाहिजे. "करू शकते" असे नव्हे, "केली पाहिजे". त्यानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, सर्व कंपन्यांना या कलमाचे पालन करण्यास सांगितले. सप्टेंबर २०१९ मध्ये पॉलिसीतून कोणते आजार वगळता येणार नाहीत याची यादी आली, त्यातही मानसिक आजार होता. तरीही जुन्या अटींच्या पॉलिसी चालूच राहिल्या, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राधिकरणाला पुन्हा परिपत्रक काढून त्या महिन्याची ३१ तारीख ही मुदत द्यावी लागली. कायदा अमलात येण्यापासून या शेवटच्या मुदतीपर्यंत चार वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळात ज्यांचे दावे नाकारले गेले, त्यांतील बहुतेकांना आपल्या बाजूने कायदा आहे हे कोणी सांगितलेही नसेल, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्यांनी दाद मागितली, त्यांच्यामुळे काही गोष्टी स्पष्ट झाल्या. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका महिलेच्या बाजूने निर्णय दिला. तिच्यावर स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर या गंभीर मानसिक आजारासाठी रुग्णालयात उपचार झाले होते आणि सरकारी विमा कंपनीने पॉलिसीतील जुन्या अटीवर बोट ठेवून दावा फेटाळला होता. कायदा अमलात आल्या दिवसापासून ही तरतूद कंपनीवर बंधनकारक आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती आणि कंपनीला पैसे द्यावे लागले. दुसऱ्या एका प्रकरणात विमा रक्कम ३५ लाखांची होती, पण काही मानसिक आजारांसाठी मर्यादा फक्त ५०,००० रुपयांची होती. अशा मर्यादेला सब-लिमिट म्हणतात. आपल्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत जी रक्कम छापलेली असते तिच्यावर समाधान मानू नका. आतल्या तक्त्यात "मानसिक आजार" या शब्दांसमोर वेगळा आकडा लिहिला आहे का, हे आजच पाहा.

आता मूळ अडचणीकडे येऊ, कारण माझ्या मते सगळी गुंतागुंत येथेच आहे. आपला आरोग्य विमा खाटेच्या हिशेबाने बनलेला आहे. रुग्ण किमान चोवीस तास रुग्णालयात दाखल असला पाहिजे किंवा डे-केअर यादीतील, म्हणजे चोवीस तासांच्या आत घरी सोडले जाते असा, उपचार झाला पाहिजे. त्याशिवाय साध्या पॉलिसीतून पैसे मिळत नाहीत. पाय मोडला तर मोठा खर्च खाटेवरच होतो, त्यामुळे हा हिशेब तेथे जुळतो. पण नैराश्य, चिंताविकार, ओसीडी (तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) यांसारखे आजार बहुधा खुर्चीत बसून बरे होतात. रुग्ण मानसोपचारतज्ज्ञासमोर बसतो, औषधे सुरू होतात, मग दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला मानसशास्त्रज्ञाकडे थेरपीचे सत्र असते, आणि हे वर्षभर किंवा अधिक काळ चालते. या सगळ्या खर्चाकडे साधी पॉलिसी पाहतही नाही.

कंपनीला विचारले तर ती म्हणेल की मधुमेहाच्या रुग्णाची दर महिन्याची तपासणीही आम्ही देत नाही, तेव्हा पाया समानच आहे. शब्दांपुरते हे खरे आहे. पण ज्या आजाराचा जवळजवळ सगळा उपचार दवाखान्यातील खुर्चीवर होतो, त्याला खाटेची अट लावून समानता दिली असे म्हणणे, हा कायद्याचा फार तोकडा अर्थ झाला असे मला वाटते. निम्हान्स या बेंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले होते की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. उपचार न घेण्यामागे लाज असते, माहितीचा अभाव असतो, डॉक्टर जवळ नसतात. पण खिशातून जाणारा पैसा हेही कारण आहेच.

ओपीडीचा, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा, खर्च देणाऱ्या पॉलिसी किंवा जोड-संरक्षणे आता मिळतात. ती घेताना तीन प्रश्न लेखी विचारा: वर्षाची मर्यादा किती, फक्त एमडी मानसोपचारतज्ज्ञाची फी मिळते की मानसशास्त्रज्ञाची सत्रेही धरली जातात, आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाता येते की केवळ कंपनीच्या यादीतील व्यक्तीशी फोनवर बोलावे लागते. नोकरीच्या ठिकाणी गट विमा असेल तर मनुष्यबळ विभागाकडे हीच चौकशी करा. तेथील अटी अनेकदा वैयक्तिक पॉलिसीपेक्षा उदार असतात. दरम्यान कोणाला आजच बोलण्याची गरज असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

खाटेच्या हिशेबात एक जागा मात्र अशी आहे, जिकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. रुग्ण दाखल झाला असेल, तर दाखल होण्यापूर्वीच्या ठरावीक दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या ठरावीक दिवसांचा त्याच आजारावरचा खर्चही पॉलिसीत धरलेला असतो. अनेक पॉलिसींत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस असतात, काहींत ६० आणि ९०. म्हणजे डिस्चार्जनंतरची डॉक्टरांची फी, औषधे आणि रक्ततपासण्या या मुदतीत मागता येतात. लिथियम हे बायपोलरवरचे औषध चालू असलेल्या रुग्णाला रक्तातील लिथियमची पातळी वारंवार तपासावी लागते. ती पावतीही यात बसते, फक्त डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी.

नर्सिंग होमबद्दलही एक बारकावा आहे. विम्याच्या व्याख्येनुसार रुग्णालय हे स्थानिक पातळीवर नोंदलेले असावे. नोंदणी नसेल तर दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, अन्यत्र १५ खाटा, चोवीस तास परिचारिका व डॉक्टर, आणि स्वतःचे शस्त्रक्रियागृह असावे. मानसोपचाराच्या छोट्या नर्सिंग होममध्ये शस्त्रक्रियागृह कशाला असेल? म्हणून नोंदणीला फार महत्त्व येते. रुग्णाला नेताना घाई असते हे मी जाणते, पण दाखल झाल्यावर एक-दोन दिवसांत नर्सिंग होमचे नोंदणी प्रमाणपत्र आणि मानसिक आरोग्य सेवा कायद्याखालील नोंदणी या दोन्हींच्या प्रती मागून घ्या. व्यसनमुक्ती केंद्रे आणि पुनर्वसन गृहे यांचा खर्च सहसा मिळत नाही, कारण दारू व अमली पदार्थांचे व्यसन आणि विश्रांती वा पुनर्वसनासाठीचा मुक्काम ही दोन्ही प्रमाणित अपवादांच्या यादीत आहेत. खरे तर २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश केला आहे. कायदा एका बाजूला आणि पॉलिसीतील अपवाद दुसऱ्या बाजूला, अशी ही विसंगती आहे आणि ती दूर व्हायला हवी.

काही पॉलिसींत स्वतःला करून घेतलेली इजा आणि आत्महत्येचा प्रयत्न हेही वगळलेले असतात. याच कायद्याचे कलम ११५ सांगते की असा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असे मानावे. त्यामुळे एवढ्या कारणावर दावा नाकारला गेला असेल तर तो निमूटपणे स्वीकारू नका.

आता प्रस्ताव अर्जाविषयी, ज्याची लोकांना सर्वांत जास्त भीती वाटते. "मानसिक आजारासाठी कधी उपचार घेतले आहेत का?" या प्रश्नासमोर अनेक जण "नाही" लिहितात. एजंटही कधी कधी तसे सुचवतो. कृपा करून असे करू नका. डिस्चार्ज समरीमध्ये डॉक्टर "दहा वर्षांपासून नैराश्याचा ज्ञात रुग्ण" अशी एक ओळ लिहितात आणि दावा तेथेच अडकतो, मग तो हृदयविकाराचा का असेना. खरे लिहिल्यास हप्ता वाढू शकतो, प्रतीक्षा कालावधी, म्हणजे त्या आजारासाठी दावा करता न येण्याचा सुरुवातीचा काळ, लागू होतो, पण एप्रिल २०२४ पासून पूर्वीच्या आजारांसाठी तो ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिल्यानंतर माहिती दडवल्याच्या कारणावर दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी याला अपवाद आहे.

दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

मावशीच्या बाबतीत लोकपालापर्यंत जावे लागले नाही. फाइलमधला हा शेवटचा कागद पाहा. काका तिच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेले आणि त्यांनी एका पानावर स्वच्छ अक्षरांत लिहून दिले की रुग्ण पाच रात्री झोपली नव्हती, अन्नपाणी घेत नव्हती, रात्री एकटी बाहेर पडल्यामुळे जिवाला धोका होता, आणि लिथियमची मात्रा वाढवताना रक्ततपासणीखाली ठेवणे आवश्यक होते. हे घरी राहून शक्य नव्हते. खाली कलम २१, उपकलम ४ चा उल्लेख करून काकांनी स्वतः चार ओळींचे पत्र जोडले. पाच आठवड्यांनी नर्सिंग होमचे पूर्ण बिल मंजूर झाले. डिस्चार्जनंतरच्या दोन लिथियम तपासण्यांचे पैसे तेवढे राहिले, कारण त्या पावत्या कोणी जपून ठेवल्याच नव्हत्या.