काळ्या मातीवरून ट्रॅकपर्यंत: स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन बसवताना

[दृश्य: वर्धा जिल्ह्यातला ग्रामीण रस्ता. दोन्ही बाजूंना कपाशी. डांबराच्या लांब लाटा, त्यावरून येणारी लाल हॅचबॅक.]

काळ्या मातीवरचा रस्ता सपाट राहत नाही. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. वरचं डांबर मग कडेला खचतं आणि मधे लाटा धरतं. खड्डा लांबून दिसतो, चुकवता येतो. लाट दिसत नाही. ऐंशीच्या वेगात ती गाडीला उचलते, आणि गाडी नीट खाली बसायच्या आत दुसरी लाट येते.

याच रस्त्यावरची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवरही न्यायची असेल तर अंतर बघा. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक साधारण ३.७ किलोमीटरचा, वर्ध्याहून तिथवरचा रस्ता हजार किलोमीटरच्या वर. गाडी ट्रेलरवर नेणं बहुतेकांच्या खिशात बसत नाही. ती आपल्याच चाकांवर जाणार, दिवसभर तापणार आणि आपल्याच चाकांवर घरी येणार. म्हणून सस्पेन्शन, म्हणजे चाकं आणि गाडी यांच्यामधली स्प्रिंग-शॉकअपची जोडणी, गावच्या रस्त्यासाठी बसवायचं, आणि ट्रॅकसाठी फक्त तेवढंच बदलायचं जे संध्याकाळी परत फिरवता येतं.

इथे उदाहरणाला घेतली आहे साधारण १,०५० किलोची, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात; मागे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा बीम. आपल्याकडे तरण्या पोरांची स्पोर्ट्स कार बहुधा हीच असते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या टू-सीटरचे आकडे वेगळे येतील, पद्धत मात्र हीच.

[दृश्य: गॅरेज. गाडी जॅकवर. मिस्त्री लोअर आर्मला, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याला, पहारीने हिसका देतो.]

नवीन स्प्रिंगची पेटी उघडायच्या आधी जुना ढिलेपणा काढायचा. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, स्टिअरिंगचा टाय रॉड एंड, स्ट्रटचं वरचं माउंट. यातलं एक जरी खिळखिळं असेल तर पुढे घेतलेलं प्रत्येक माप खोटं. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर संशय बॉल जॉइंटवर किंवा बेअरिंगवर; डावी-उजवी धरून हलवल्यावर जाणवला तर टाय रॉडवर.

बुश बदलताना गॅरेजात हमखास होणारी एक चूक इथे दिसते.

[ध्वनी: मिस्त्री, हाताखालच्या पोराला] "आताच कायले कसून राहिला बे पोट्ट्या? गाडी खाली येऊ दे पहिले."

रबरी बुश आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेला असतो. तो फिरत नाही, पिळला जातो. गाडी जॅकवर असताना लोअर आर्म खाली लोंबतो. त्या स्थितीत बोल्ट कसला तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर बुश पिळलेल्या अवस्थेतच काम सुरू करतो, आणि थोड्या महिन्यांत फाटतो. शिवाय तो पीळ स्प्रिंगसारखा जोर लावतो आणि गाडीची उंची चुकवतो. म्हणून बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून-मागून दाबून बसू द्यायची आणि मगच टॉर्क रेंच लावायचा.

[दृश्य: गॅरेजची फरशी. पारदर्शक नळीत पाणी. खडूच्या चार खुणा.]

मोजमापासाठी महागडं यंत्र असलंच पाहिजे असं नाही. गवंड्याची तीन अवजारं पुरतात: पाण्याची लेव्हल नळी, लाइनदोरी आणि ओळंबा. नळीने चारही चाकांखालची जागा समतल आहे का ते बघायचं. जिथे खाली आहे तिथे पत्र्याचे तुकडे घालायचे. पुढच्या चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत फरश्या, मधे ग्रीस, म्हणजे चाक अडून राहत नाही. चालकाच्या सीटवर चालकाचं वजन हवं. युरियाचं पोतं ४५ किलोचं असतं. त्यावर २५ किलो आणखी ठेवले की ७० किलोचा माणूस बसला. टाकीत अर्धं पेट्रोल, टायरमध्ये ठरलेली हवा.

गाडीचं वजन कुठे किती, हे जिनिंगच्या धर्मकाट्यावर कळतं. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. या गाडीत चालक धरून १,१२० किलोपैकी साधारण ६२ टक्के पुढे येतात. धर्मकाटा पाच-दहा किलोच्या टप्प्यांनी वाचतो, त्यामुळे चार कोपऱ्यांच्या वेगळ्या वजनासाठी त्याच्यावर विसंबू नये. ॲक्सलचं वजन मात्र ठीक मिळतं, आणि स्प्रिंग निवडायला तेवढं पुरे.

आता स्प्रिंगचा हिशेब. पुढच्या एका कोपऱ्यावर साधारण ३४७ किलो. त्यातून चाक, ब्रेक आणि चाक धरणारा नकल यांचे ३५ वजा केले की स्प्रिंगवर उरतात ३१२. कंपनीची स्प्रिंग मिलिमीटरला २.२ किलोच्या आसपास असली, म्हणजे एक मिलिमीटर दबायला एवढा बोजा लागत असला, तर हा कोपरा सेकंदाला सुमारे १.३ वेळा झुलतो. घरच्या गाडीला हे ठीक. ट्रॅकवर वळणात गाडी फार कलते, बाहेरच्या टायरवर बोजा उशिरा येतो, आणि तोवर स्टिअरिंग वळवूनही नाक वळत नाही. ३.६ किलोची स्प्रिंग घातली की झुलणं १.६ वर जातं, ४.५ किलोला १.८ वर. तयार कॉइलओव्हर किटमध्ये (आट्यांवरच्या कॉलरने उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडी) बरेचदा सहा किलोची येते. ती दोनच्या वर नेते. गुळगुळीत ट्रॅकवर ती चालून जाते. लाटांच्या डांबरावर तिचं चाक जमिनीवर कमी आणि हवेत जास्त असतं, आणि हवेतलं चाक ना ब्रेक धरतं ना वळण. या कामाला साडेतीन ते साडेचार किलो बरे. यवतमाळच्या आतल्या रस्त्यांवर रोजचं जाणं-येणं असेल तर साडेतीनच.

पैसे वाचवायला दोन उपाय सर्रास होतात, दोन्ही वाईट. गॅस कटरने स्प्रिंगचा वेढा कापला की पोलादाचं पाणी उतरतं, टोक कपात सपाट बसत नाही, आणि चाक पूर्ण लोंबलं की स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. दुसरा, वेढ्यांमध्ये कोंबायचे रबरी बफर. गाडी उचललेली दिसते खरी, पण तेवढे वेढे कामातून बाद होतात, बाकीच्यांवर ताण येतो, आणि स्प्रिंग तिथेच तुटते.

[दृश्य: पुढच्या स्ट्रटच्या दांड्यावर बांधलेला प्लास्टिकचा झिप टाय.]

सगळ्यात जास्त वेळ उंचीला द्यावा. गाडी खाली बसवली की फोटो छान येतो. मॅकफर्सनमध्ये मात्र लोअर आर्म आडव्या रेषेच्या वर चढला की गाडीचा रोल सेंटर, म्हणजे वळणात ती ज्या बिंदूभोवती कलते तो, झपाट्याने खाली जातो, गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षाही जास्त. म्हणजे चाळीस मिलिमीटर बसवलेली गाडी त्याच स्प्रिंगवर आधीपेक्षा जास्त कलते. टाय रॉडचा कोनही बिघडतो, आणि चाक वर-खाली झालं की गाडी आपोआप दिशा बदलते. लाटांवर ही सवय धोक्याची. म्हणून १५ ते २० मिलिमीटर, त्याखाली नाही.

आणि स्पीडब्रेकर? रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलाईचा. गावात रात्रीतून उठवलेला ब्रेकर त्याच उंचीचा आणि हात-दीड हात रुंद असतो. जमिनीपासून १६५ मिलिमीटर वर असलेली गाडी २० ने बसवली आणि मागे दोन माणसं आली की पोट घासणारच.

स्ट्रटचा प्रवास किती उरला, ते झिप टाय सांगतो. दांड्यावर तो घट्ट बांधून खाली सीलपर्यंत सरकवायचा आणि नेहमीच्या खराब रस्त्याने दहा किलोमीटर जाऊन यायचं. स्ट्रट जितका दबला तितका टाय वर सरकलेला असतो. तो बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे स्ट्रटच्या प्रवासाच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यापर्यंत, पोचला असेल तर शॉकअप नाही, रबरच काम करतंय. उभ्या गाडीत बंप स्टॉपला लागायच्या आधी किमान ५० ते ६० मिलिमीटर हवेत. नसतील तर गाडी वर घ्या. बंप स्टॉप कापून जागा काढणारे शेवटी शॉकअपचा तळ फोडतात.

साध्या कॉइलओव्हरवर कॉलर वर केल्याने स्प्रिंग कडक होत नाही. फक्त उंची वाढते.

शॉकअपला कडकपणा बदलायचे क्लिक असतील तर पूर्ण बंद करून तिथून मागे मोजायचे, डावी-उजवी सारखेच. इथल्या लाटांवर खरी कसोटी रिबाउंडची, म्हणजे दबलेलं चाक परत खाली येताना शॉकअप त्याला किती अडवतो त्याची. रिबाउंड फार घट्ट असेल तर दबलेलं चाक पुढच्या लाटेपूर्वी पूर्ण खाली येत नाही. गाडी प्रत्येक लाटेला थोडी थोडी बसत जाते आणि चौथ्या-पाचव्या लाटेला आपटते. वाटतं स्प्रिंग मऊ आहे, आणि माणूस आणखी कडक स्प्रिंग घालतो. तसं न करता दोन क्लिक सैल करून तोच रस्ता पुन्हा बघा. उलट, समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर सांधा ओलांडल्यावर गाडी दोनदा-तीनदा हलत राहिली तर रिबाउंड कमी आहे. ट्रॅकवर पोचलं की त्याच जागेपासून तीन-चार क्लिक घट्ट.

[दृश्य: चाकाशेजारी ओळंबा. पोलादी पट्टीने रिमच्या कडेपर्यंतचं अंतर.]

कॅम्बरसाठी, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर किती कललं आहे ते मोजायला, ओळंबा टायरच्या फुगवट्याच्या बाहेर सोडायचा. दोरीपासून रिमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर, मग खालच्या कडेपर्यंतचं. पंधरा इंची रिम कडेपासून कडेपर्यंत साधारण ४१५ मिलिमीटर भरतं. त्यावर सव्वासात मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंश. वरचं अंतर जास्त, म्हणजे चाक वरून आत कललेलं, तर कॅम्बर निगेटिव्ह. रोजच्या गाडीला एक अंश निगेटिव्ह पुरतो. निव्वळ ट्रॅकवर चिकट टायरांसाठी अडीच ते तीन लागतात. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही करणाऱ्या गाडीला पुढे पावणेदोन ते दोन, म्हणजे १३ ते साडेचौदा मिलिमीटर. स्ट्रट नकलला दोन बोल्टांनी जोडलेला असेल तर एक बोल्ट ऑफसेटचा घालून हे बहुधा जमतं. स्ट्रटला पकडीने धरणारा नकल असेल तर वर कॅम्बर प्लेट लागते.

कॅम्बर हलला की टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते, हलतोच, म्हणून टो शेवटी. गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर लाइनदोरी ताणायची. दोरी पुढच्या दोन्ही हबपासून सारख्या अंतरावर, मागच्या दोन्हींपासूनही सारख्या. पुढचं आणि मागचं अंतर वेगळं आलं तर घाबरू नये, दोन्हीकडची रुंदी वेगळी असते. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंत मोजायचं. पुढे टो शून्य ठेवा. टायरची आतली कड खाल्ली की दोष कॅम्बरला दिला जातो. बहुतेक वेळा खाणारा असतो चुकीचा टो. मागच्या बीमला काही फिरवता येत नाही, फार तर स्टब ॲक्सलमागे शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालता येतात.

[दृश्य: मागचा अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा. तीन छिद्रं.]

पुढच्या चाकांवरच्या गाडीचं नाक वळणात बाहेर जातं; मागचा बार घट्ट केला की ते आत येतं. ट्रॅकवर आतलं मागचं चाक उचललं गेलं तरी चिंता नाही. पण शेतातून निघालेले ट्रॅक्टर रस्त्यावर काळा चिखल सांडतात, आणि त्या चिखलात वळणावर ॲक्सिलरेटर सोडला तर घट्ट बारची गाडी मागून फिरते. म्हणून छिद्रांचा बारच घ्यावा: रस्त्यावर सैल छिद्र, ट्रॅकवर घट्ट. पावसाळ्यात तर सैलच.

हवेचं गणित इथल्या उन्हाशी बांधलेलं आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की तीस पीएसआयच्या टायरमध्ये सुमारे दीड पीएसआय वाढतो. हिवाळ्यातल्या बारा अंशांच्या सकाळी भरलेली हवा मे महिन्यातल्या ४५ अंशांत आपोआप पाच पीएसआय जास्त झालेली असते. ट्रॅकवर म्हणून थंड आकडा धरून बसू नये. २८ ने सुरुवात करायची, चार फेऱ्या मारून लगेच मोजायचं आणि गरम टायरात ३४ ते ३६ राहील एवढी हवा सोडायची. टायरचं तापमान सुईच्या मापकाने आत, मधे, बाहेर घ्यावं. आतली कड पाच-सात अंशांनी गरम असेल तर कॅम्बर ठीक. फरक त्याहून बराच मोठा असेल तर तो जास्त झालाय. मध्य सगळ्यात गरम, तर हवा जास्त.

कागदपत्रांचाही एक मुद्दा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ मापांपासून गाडी वेगळी करता येत नाही. कॉइलओव्हर बसवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोन्हीकडे विचारलेलं बरं.

[दृश्य: ट्रॅकची संध्याकाळ. वही, पेनाने लिहिलेले आकडे. परतीची तयारी.]

परतताना टायर गार झाल्यावर हवा गाडीच्या दाराशी लिहिलेल्या आकड्यावर आणायची, क्लिक मागे, बार सैल छिद्रात. कॅम्बरला हात लावायचा नाही. दोन अंशांवर हजार किलोमीटर जाता येतं. ऑफसेट बोल्टवर आधीच पांढऱ्या रंगाची आडवी रेघ ओढलेली असेल तर तो सरकलाय का ते नजरेनेच कळतं. घरी पोचल्यावर टो पुन्हा मोजायचा. कॉलरच्या आट्यांवरची माती ब्रशने काढायची, आणि तिथे ग्रीस लावायचं नाही, धूळ धरून आटे जाम होतात. शॉकअपचा रबरी बूट फाटला असेल तर पहिल्या पावसाआधी बदलायचा, कारण दांड्यावर वाळलेला काळा चिखल सील कापतो, आणि तेल गळायला लागलेल्या शॉकअपवर वर सांगितलेला एकही क्लिक चालत नाही.